एक केस दिसता कामा नये

लेकीचा फोन आला तेव्हा कातरकाका कमरेपर्यंत सोफ्याखाली शिरलेले होते. "बाबा कुठं आहेत?" असं लेकीनं विचारलं आणि काकूंनी जे खरं होतं ते सांगून टाकलं, "सोफ्याखाली. केस काढतायत."  

"आई, आम्ही शनिवारी येतोय," लेक म्हणाली. "पण बाबांना नीट सांग. घरात कुत्र्याचा एक केस दिसता कामा नये. आणि बिट्टीला जरा जरी धाप लागली ना, तर जोवर ते कुत्रं त्या घरात आहे तोवर आम्ही नाही. मी भांडण म्हणून नाही बोलत गं. मला दुसरा इलाजच उरला नाहीये."

सोफ्याबाहेरचे पाय हलायचे थांबले. फोन स्पीकरवर होता. काकूंना फोनचं ते बटण कधीच सापडायचं नाही, पण नको तेव्हा मात्र बरोबर दाबलं जायचं.

बिट्टी म्हणजे लेकीची लेक, सहा वर्षांची, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. गेल्या वर्षी इथं आली होती. दुपारपर्यंत कुत्र्याच्या, म्हणजे झिपऱ्याच्या, अंगावर लोळत होती आणि संध्याकाळी दवाखान्यात तोंडाला वाफेचं मशिन लावून बसली होती. नुकत्याच कापलेल्या केसांखालची ती बारीकशी मान प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ते कातरकाकांना अजून दिसायचं, जेवताना दिसायचं, दात घासताना दिसायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुत्रं आहे का?" लेक म्हणाली, "आहे." संपलं. खटला तिथंच निकालात निघाला आणि झिपऱ्याला बाजू मांडायची संधीसुद्धा मिळाली नाही.

तेव्हापासून लेक माहेरी फिरकली नव्हती. फोन करायची, पण जपून, वरवर. बिट्टी फोनवर यायची ती आजी-आजोबांना सोडून थेट झिपऱ्याची चौकशी करायची.

आणि आता शनिवार.

"माझ्या भावाला सांगू का?" काकूंनी हळूच विचारलं. त्यांच्या भावाचं शेत होतं आणि तो कुत्रं न्यायला कधीचा तयार होता. "शेतावर मोकळा राहील बिचारा."

"बांधून ठेवील तो त्याला," सोफ्याखालून आवाज आला. मग कातरकाका बाहेर आले. अंगभर जळमटं, मुठीत केसांचा चांगला लिंबाएवढा गोळा. "उभा जन्म केसात गेला माझा. सगळ्या गल्लीचे केस मी झाडले. आता एका कुत्र्यापुढे हात टेकू?"

गल्लीत त्यांना कातरकाका म्हणत ते उगीच नाही. कोपऱ्यावर त्यांचं सलून होतं. तीन खुर्च्या, भिंतभर आरसा. पायांच्या शिरांनी दगा दिला तेव्हा ते बंद करावं लागलं, आणि मग कातरकाका घरातल्या खुर्चीत बसले ते बसलेच. गिऱ्हाईक नाही, गप्पा नाहीत, हाताला काम नाही. काकूंना वाटायचं, हा माणूस आता खुर्चीला मूळ फुटून तिथंच राहणार. त्या हिवाळ्यात कुठूनसं हे केसाळ पिल्लू दारात येऊन बसलं. कातरकाकांनी त्याच्या डोळ्यांवर आलेल्या झिपऱ्या बोटानं बाजूला केल्या, म्हणाले, "वाढलेत की रे भलतेच," आणि उठले. उठले ते रोज सकाळ-संध्याकाळ त्याला घेऊन गल्ली पालथी घालायला लागले. खरं सांगायचं तर झिपऱ्याला काकांनी नाही, काकांनाच झिपऱ्यानं पाळलं होतं. काकूंना हे ठाऊक होतं. म्हणून तर भावाचं नाव काढताना त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता.

पण केस! काय सांगावं त्या केसांचं. सोफ्यावर असतील, पलंगावर असतील, तिथवर कुणीही समजून घेईल. झिपऱ्याचे केस फ्रिजच्या मागे होते. चष्म्याच्या डबीत होते. कपाटात नीट घडी घालून ठेवलेल्या, कधी न घातलेल्या साडीत होते. एकदा काकूंनी दुकानातून आणलेली साखरेची पिशवी फोडली तर पहिल्या चमच्यात केस. आता तो केस पिशवीच्या आत कसा गेला हे तुम्हीच सांगा.

कातरकाका दिवसभर विचार करत फिरत राहिले. दोन वेळा झाडून झालं. झाडू मारला की केस वर उडायचे, घरभर हिंडून यायचे आणि कातरकाका खाली बसले की त्यांच्यासमोर येऊन खाली बसायचे. संध्याकाळी त्यांनी कपाटावरून जुनी पेटी काढली, तिच्यातून केस कापायचं मशिन काढलं, तेलाचे दोन थेंब सोडले आणि झिपऱ्याला मागच्या अंगणात नेलं.

"अहो, काय करताय?" काकू खिडकीतून ओरडल्या.

"मुळावरच घाव घालतो. अंगावर केसच नाही म्हटल्यावर गळणार काय?"

झिपऱ्याला स्टुलावर बसवलं. काकांनी सवयीनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि सवयीनंच विचारलं, "बारीक करायचे ना?" झिपऱ्यानं शेपूट हलवली. बिचाऱ्याला काय कळतंय. मशिन घुर्र करून सुरू झालं. कितीतरी दिवसांनी कातरकाकांचे हात कामाला लागले होते, आणि काय लागले होते! मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटावर, कुठं ओढलं नाही, कुठं खरचटलं नाही. अंगणात केसांचा ढीग पडला, दोन उशा भरतील एवढा. आणि स्टुलावर उरलं ते कुत्रं झिपऱ्या आहे हे शपथेवर सांगावं लागलं असतं. कान केवढे, मान केवढीशी. झिपऱ्यानं स्वतःची पाठ वळून बघितली, उडी मारली आणि पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसला.

"लाजला गं," कातरकाका म्हणाले. हसले खरे, पण त्यांनाही जरा वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी घर आरशासारखं लख्ख होतं. काका मिशीवरून हात फिरवत हिंडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू सोफ्यावर बसल्या आणि "आई गं" म्हणून उठल्या.

केस गळायचे थांबले नव्हते. फक्त लांब केसांऐवजी आता आखूड केस गळत होते, टाचणीसारखे ताठ. लांब केसाचा गोळा तरी व्हायचा, हातात यायचा. हे सोफ्याच्या कापडात उभे रुतत होते. मोज्यात शिरत होते, बनियनमध्ये टोचत होते. झाडूनं ओढले जात नव्हते, चिमटीत येत नव्हते. आणि हे बारीक केस काय चीज असते ते जगात कुणाला ठाऊक असेल तर कातरकाकांना! कॉलरमध्ये दोन बारीक केस राहिले म्हणून गिऱ्हाईक दिवसभर खाजवत बसतं आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येतं. ते टाळण्यासाठी त्यांनी जन्मभर मानेवर पावडर मारली होती. पावडर असली की केस कातडीला धरत नाही, आपसूक घसरतो. सगळं ठाऊक असून त्यांनी स्वतःच्या हातानं घरभर काटे पेरले होते.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. झिपऱ्याला घेऊन ते तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"हे कुणी केलं?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

कातरकाकांनी झिपऱ्याचा पट्टा सारखा केला.

"अहो, याच्या अंगावर दोन थर असतात केसांचे. वरचे लांब केस आतल्या लोकरीला धरून ठेवतात. तुम्ही वरचं छप्परच काढून घेतलंत! माणसाचं डोकं वाटलं का हे, मारलं मशिन की झालं?"

उभ्या आयुष्यात कातरकाकांना केस कापण्यावरून कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी मान खाली घालून बिट्टीची सगळी कथा सांगितली. बाई जरा निवळल्या. म्हणाल्या, रोज अंगणात ब्रश फिरवा, घरात नको. कोमट पाण्यानं अंघोळ घाला, पूर्ण कोरडा करा. कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसा. कापडावरचे केस रबरी हातमोजा ओला करून ओढा, गोळा होऊन येतात. अभ्रे, चादरी, पडदे सगळं धुवा. मूल झोपणार त्या खोलीत कुत्र्याला पाऊल टाकू देऊ नका. "आणि काका, केस कमी होतील, शून्य होणार नाहीत. तसंही त्रास नुसत्या केसाचा नसतो, अंगावरच्या कोंड्याचा असतो, लाळेचा असतो. नाहीतर दुसऱ्याच कशाचा असेल. मुलीची नीट तपासणी करून घ्यायला सांगा."

एवढं सगळं त्या बोलल्या, पण कातरकाकांच्या कानात शिरलं ते एकच. शून्य होणार नाहीत.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. पडदे निघाले, अभ्रे निघाले, धुण्याचं मशिन सकाळपासून गडगडायला लागलं. काकू ओलं फडकं घेऊन पलंगाखाली, काका रबरी हातमोजा घालून सोफ्यावर. हातमोजा ओढला की केस यायचे, हे खरं. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. गालिच्यावरून काच पुसायचं रबरी वायपर ओढलं तर एवढे निघाले की काकूंनी कपाळावर हात मारला. पण पुन्हा ओढलं की पुन्हा निघायचे, आणि त्याच्यापुढे पुन्हा. काकांना स्वप्नातसुद्धा सोफाच दिसत होता. जेवताना हात थांबायचा आणि ते ताटात निरखून बघत बसायचे.

"जेवा हो," काकू म्हणायच्या.

"हा केस आहे की भेग आहे ताटाला?"

"भेग आहे. माझ्या लग्नापासून आहे."

झिपऱ्या मात्र अंगणाच्या दारात बसून आत बघायचा. आत यायला मनाई झाली होती. अपराध काय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काका जवळून गेले की तो उठायचा, आता फिरायला नेतील म्हणून, आणि काका बादली घेऊन पुढे निघून जायचे.

शुक्रवार उजाडला. बाकी सगळं झालं होतं, सोफा राहिला होता. तेवढा एक सोफा काही केल्या हटत नव्हता. कातरकाकांनी हातमोजा काढला, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "नाही जमत गं."

काकूंनी फोन उचलला. "भावाला सांगते. आजच्या आज येईल तो." त्यांचे डोळे भरले होते. "मला काय हौस आहे का? पण पोर यायला हवी हो. वर्ष झालं मी तिला मांडीवर घेतलं नाही."

"मलाही हवीच आहे की," काका म्हणाले.  दाराकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. "थांब जरा. थोडं थांब."

आणि मग त्यांना सलूनमधली कापडं आठवली. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची ती गर्द निळी, गुळगुळीत कापडं. दुकान बंद झाल्यावर काकांना ती टाकवली नव्हती, घड्या करून ट्रंकेत ठेवली होती. त्या कापडावर केस टिकत नाही. टिकू नये म्हणूनच तर ते कापड! काका ताडकन उठले. ट्रंक निघाली, सोफा झाकला, खुर्च्या झाकल्या, पलंग झाकला. एका कापडाचं काकूंनी झिपऱ्याला अंगडं शिवलं, पोटाखाली बंद लावून. म्हणजे केस गळलेच तर आतल्या आत. ते घालून झिपऱ्या उभा राहिला तर दाढीला बसलेलं गिऱ्हाईकच. काकूंना किती दिवसांनी हसू आलं.

काकांचं मात्र अजून समाधान होत नव्हतं. एखादा चुकार केस राहिलाच तर? त्यांनी पावडरचे डबे काढले. मानेवर फिरवायचा तो मऊ ब्रश काढला. मानेवर चालतं ते कापडावर का चालणार नाही? सोफ्यावरच्या कापडावर पावडर भुरभुरली, ब्रशनं पसरवली, हात फिरवून बघितला. केस ठेवला तर सुळकन खाली. वा! मग हात सैल सुटला. एक डबा संपला, दुसरा उघडला. खुर्च्या, पलंग, उशा, काही सोडलं नाही.

काकूंना सटासट शिंका आल्या.

"केसांमुळे," काका म्हणाले.

शनिवारी सकाळी ते अंघोळ करून, गुळगुळीत दाढी करून, रोजच्यासारखी मानेला आणि काखेत पावडर थापून, नवा शर्ट घालून दारात उभे राहिले.  झिपऱ्या अंगडं घालून मागच्या अंगणात, मधलं दार बंद.

गाडी थांबली. लेक उतरली, आधी तिनं पायरीकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग कोपऱ्यांकडे. मग तिनं बाबांकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. पुढे होऊन तिनं त्यांच्या खांद्यावर नाक टेकलं आणि मोठा श्वास घेतला. लहानपणापासूनची खोड तिची. सलूनमधून बाबा आले की दाराआडून धावत यायची आणि पोटाला मिठी मारून हुंगायची. "बाबांचा वास," ती म्हणाली. "अजून तसाच आहे."  त्यांनी नुसतं तिच्या डोक्यावर थोपटलं.

"झिपऱ्या कुठाय?" बिट्टी मधूनच ओरडली.

"मागे आहे. नंतर भेटू हं. लांबून," लेक म्हणाली.

बिट्टी आत आली आणि सोफ्यावर चढली. चढली ती घसरून खाली आली. क्षणभर तिला कळेना काय झालं, मग तिचा चेहरा खुलला. "आजोबा! घसरगुंडी!" पुन्हा चढली, पुन्हा घसरली. पुन्हा चढून उशीवर दाणकन बसली. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि दर वेळी त्यात पांढरं धुकं उठायचं, तरंगायचं, खाली बसायचं. कातरकाका बघत होते, पण केस शोधणाऱ्या डोळ्यांना धुकं कुठलं दिसायला? केस नव्हता. एकसुद्धा नव्हता. लेकीनं टेबलाखालून बोट फिरवलं, बोट बघितलं, काही नाही. ती काकूंकडे बघून हसली. "खरंच किती केलंत तुम्ही दोघांनी." काकांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बिट्टी खोकली.

एकदा. मग थांबून पुन्हा. खोलीतली सगळी माणसं जागच्या जागी थिजली. काकूंच्या हातात पाण्याचा पेला होता तो तसाच राहिला. बिट्टी तिसऱ्यांदा खोकली ती थांबेना, आणि खोकल्याच्या मधे ती बारीक शिटी वाजायला लागली. कातरकाकांना ती शिटी ओळखीची होती. वर्षभर त्यांनी ती झोपेत ऐकली होती.

लेकीनं पर्स उपडी करून पंप काढला, बिट्टीच्या तोंडाला लावला. "ओढ बाळा. ओढ. धर. आता सोड." तिचे हात स्थिर होते, पण ओठ पांढरे पडले होते. "कुत्रा आत आला होता?"

"नाही गं. सकाळपासून मागेच आहे," काकू म्हणाल्या.

"मग केस आहेत! कुठंतरी आहेत!" लेकीनं एका हातानं सोफ्यावरचं कापड ओढलं. कापड सुळकन खाली आलं, पांढरा लोट उठला, आणि खाली सोफ्याच्या कापडात ते सगळे ताठ, आखूड केस उभेच्या उभे. तिनं तळवा फिरवला आणि झटक्यानं मागे घेतला. मग ती वडिलांकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं झाकून ठेवलंत?"

कातरकाकांना वाटलं, जमीन फाटून आत घेईल तर बरं.

"मला बाहेर," बिट्टी कशीबशी म्हणाली.

समोर रस्ता खणलेला होता, धूळच धूळ. काकूंनी धावत जाऊन मागचं दार उघडलं. लेकीनं बिट्टीला उचललं, अंगणातल्या पायरीवर बसवलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. पिंपामागून झिपऱ्या निघाला. निळं अंगडं घातलेला, मोठ्या कानांचा, कुणालाच ओळखू न येणारा. पण बिट्टीनं ओळखला. तिनं हात पुढे केला आणि त्यानं येऊन तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली.

"धरा त्याला! बाबा, धरा!"

कातरकाका धावले. वाकून त्यांनी झिपऱ्याचा पट्टा धरला, दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. बिट्टीला पुन्हा खोकल्याची उबळ आली आणि तिनं तोंड फिरवलं. कुत्र्याकडून नाही, आजोबांकडून. "आजोबा, तुम्ही लांब व्हा ना," ती म्हणाली. "नाकात जातं."

काका मागे सरले. झिपऱ्याच्या निळ्या पाठीवर त्यांच्या हाताचा पंजा उमटला होता. पाची बोटं, पांढरी. त्यांनी आपले हात बघितले. शर्टाच्या बाह्या बघितल्या. बिट्टीच्या फ्रॉकला मागून पांढरे पट्टे, केसात पांढरं, पापण्यांवर पांढरं. आणि मग त्यांच्या डोळ्यांसमोर ती मान आली, दवाखान्यातली, नुकत्याच कापलेल्या केसांखालची. ती मान कापलेल्या केसांखालची का होती? कारण त्या दिवशी सकाळी त्यांनीच तिचे केस कापले होते. अंगणात, स्टुलावर. आणि मग नातीचे लाड म्हणून नेहमीच्या दुप्पट पावडर, मानेवर, गालावर, नाकावर. ती खिदळत होती आणि ते ब्रश फिरवत होते.

"मी आहे तो," कातरकाका म्हणाले.

"काय?"

"कुत्रा नाही गं. मी आहे. माझी पावडर. आजही, आणि तेव्हाही. तेव्हा मी तिचे केस कापले होते, आठवतंय? माझ्यामुळे पोरीचा जीव कासावीस झाला, आणि मी वर्षभर या मुक्या जनावराला..." 

लेकीनं मान हलवली. "बाबा, त्याला वाचवायला तुम्ही आता काहीही सांगाल."

"मग असं कर. कुत्रा तिथंच राहू दे, मीच लांब होतो." ते पायरी चढून आत निघाले. दारात थांबले. "तिची शिटी ऐकत राहा. वाढली तर तुझ्या मामाला मी स्वतः फोन करीन."

आत जाऊन त्यांनी नळ सोडला. काकूंनी तोंडाला ओलं फडकं बांधून ती निळी कापडं एकेक करून बादलीत बुडवली, खिडक्या सताड उघडल्या, सगळं ओलं पुसून काढलं. मोरीतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. एकदा अंग घासून झालं, पुन्हा घासलं, पुन्हा.

लेक पायरीवर बसून ऐकत होती. पंपानं उबळ ओसरली होती, ते तर होणारच. पण मग ऊन कलायला लागलं, आणि बिट्टी झिपऱ्याच्या शेजारीच बसलेली, त्याच्या मोठ्या कानांची घडी घालून बघत, त्याला काहीबाही सांगत, आणि शिटी परत आली नाही. लेकीनं तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अशा मुलांना पावडरीचा लोट पुरेसा असतो. कुत्र्याचाही थोडा त्रास असेल, नसेल, तपासल्याशिवाय कसं सांगू? दोन्ही गोष्टी त्या दिवशी एकदमच झाल्या म्हणता, मग तेव्हा हे कुणी मला सांगितलं का नाही? लेकीनं फोन ठेवला. सांगणार कोण? बाबांच्या वासाचं कधी कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

कातरकाका बाहेर आले ते जुना, नुसत्या पाण्यातून काढून वाळवलेला शर्ट घालून. केस ओले, मान घासून घासून लाल झालेली. पावडरचे उरलेले डबे त्यांनी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले होते आणि ब्रशही. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला स्टूल ओढून ते बसले.

लेक उठून त्यांच्यापाशी गेली. वाकून तिनं सवयीनं त्यांच्या खांद्यावर नाक टेकलं. आणि तशीच थांबली. पुन्हा श्वास घेऊन बघितला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला वासच नाहीये."

"टाकला गं तो," कातरकाका म्हणाले.

तिला रडू फुटलं. एवढ्या मोठ्या बाईला, भर अंगणात. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. डोळे पुसून ती मागे सरली आणि तिची नजर त्यांच्या खांद्यावर गेली. तिथं एक केस होता. आखूड, ताठ. तिनं तो चिमटीत धरून उजेडात बघितला. काकू दारातून बघत होत्या.

लेकीनं रुमालात केस गुंडाळला, कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. "आम्ही आज राहतोय," ती म्हणाली. "झिपऱ्या बाहेर झोपेल. आणि तो सोफा आत्ताच्या आत्ता अंगणात काढा. पुढच्या आठवड्यात तिची तपासणी करून घेते, मग बघू काय ते." काकू लगबगीनं आत गेल्या, कारण त्यांना कुणाला डोळे दाखवायचे नव्हते.

"आजोबा!" पायरीवरून हाक आली. "या ना आता जवळ. याला सांगा, याचे केस परत येणार आहेत म्हणून. माझं ऐकत नाहीये."

कातरकाका उठले, अर्ध्या अंगणापर्यंत गेले आणि थबकले. त्यांनी आपले दोन्ही हात नाकाशी धरून हुंगून बघितले, उलटे करून पुन्हा हुंगले, आणि मगच नातीजवळ गेले.